चाचांचा मरायचा सराव

आमचे चाचा पहिल्यांदा मेले ते बाजाराच्या दिवशी, सकाळी, पोहे खाऊन आणि वर चहा पिऊन. दुसऱ्यांदा अजून मेलेले नाहीत, आणि इतक्यात त्यांचा तसा विचारही दिसत नाही. परवाच्याच बाजाराला त्यांचा आवाज ऐकला. आमच्या तळोद्याच्या ऑफिससमोरच बाजार भरतो. मेथीची जुडी ताजी की शिळी यावरून एका बाईशी त्यांची अशी काही जुंपली होती की बाई शेवटी म्हणाली, "घेऊन जा बाबा, पण जा." मला ते नुसतं ऐकू आलं, दिसलं नाही. का दिसलं नाही ते पुढे सांगते.

हे नेमके कोणाचे चाचा, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ऑफिसातले सगळे चाचा म्हणायचे, डोंगरातल्या सेविका म्हणायच्या, समोरच्या पंक्चरवाल्याचे वडीलही म्हणायचे, आणि ते तर चाचांपेक्षा चांगले म्हातारे. घर मोहल्ल्यात, घरात बोली हिंदी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की अहिराणी, आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसशी बोलायला एक वेगळी, इस्त्री केलेली मराठी. ती इस्त्री दुसऱ्या वाक्याला मोडायची.

आमची संस्था आरोग्याचं काम करते. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवरच्या सेविका टॅबवर नोंदी भरतात. कोण गरोदर आहे, कुठल्या पोराचं वजन उतरलं, कोणाला सिकलसेल आहे. सिकलसेल म्हणजे रक्ताचा आजार. आमच्याकडे तो शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. या नोंदी आधी आमच्या संगणकात येतात आणि तिथून मोठ्या दवाखान्यांच्या संगणकांत जातात. पेशंट पोचायच्या आधी त्याची माहिती पोचलेली असावी, म्हणून ही खटपट. आता दुसऱ्याच्या संगणकात शिरायचं म्हणजे दरवेळी ओळख दाखवावी लागते. त्या ओळखीला टोकन म्हणतात आणि टोकनाला मुदत असते, एसटीच्या पासाला असते तशी. पण पास संपला तर कंडक्टर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडतो. टोकन संपलं तर कोणी हूं की चूं करत नाही. इकडे सेविकेच्या टॅबवर हिरवी खूण उमटत राहते, "नोंद पाठवली", आणि तिकडे दवाखान्यात काहीच पोचत नाही, जुन्या नोंदीही उघडेनाशा होतात.

ही टोकनं मुदत संपायच्या आत बदलायची, एवढंच चाचांचं काम. एवढंच असं मी पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. मी तेव्हा नवी. प्रकाशा गावच्या गुजर घरातली, केळी-कापसात वाढलेली, हातात संगणकाची ताजी पदवी, आणि नाक सगळ्यात वर. म्हटलं, "चाचा, ही मुदतीची कटकट हवीच कशाला? एकदाच कायमचं टोकन करून टाकू ना."

चाचांनी तोंडाला लावलेली बशी खाली ठेवली. "तुन्हा घर पाव्हना येतस का?"

"येतात की."

"कितला दिन ऱ्हातस?"

"आता ते पाहुण्यावर आहे."

"पाव्हनावर नही, बेटा, अक्कलवर शे." आणि मग त्यांनी ती म्हण मला शाळेतल्या कवितेसारखी म्हणून दाखवली : एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. "आपन दुसराना घरमा पाव्हना शेतस. येळ व्हयनी का उठी जावानं. परत इचारीसन येवानं." एवढं बोलून उरलेला चहा प्यायले. मी मनात म्हटलं, हे प्रकरण काही साधं नाही.

फोनवर ते कधी हॅलो म्हणाले नाहीत. पलीकडून कोणी का बोलेना, पुण्याचे साहेब, नंदुरबारचे डॉक्टर, नाहीतर घरच्या चाची, यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "जित्ता शे का?" म्हणजे, जिवंत आहेस का? मी एकदा चिडून म्हटलं, लोक काय म्हणत असतील! तर म्हणाले, "हॅलो म्हनं का समोरला भी हॅलो म्हनस. त्याम्हा काय कळस? जित्ता शे का इचारं, तं मानूस जरासा थांबस. सोतानी चौकशी करस, मंग सांगस." खरंच, लोक थांबायचे. नंदुरबारच्या एक सिस्टरबाई तर प्रत्येक वेळी सगळं सांगायच्या, गुडघा, झोप, सून, आणि मग कामाचं.

या सगळ्या तऱ्हेवाईकपणाचं मूळ एका साखर कारखान्यात होतं. आमच्याकडे येण्याआधी चाचा कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे जिथे उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथे, संगणकाला होते. काट्याचा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात. एके दिवशी तो माणूस गावाला गेला, फोन बंद, आणि काटा अडून बसला. गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेली. बैल उपाशी, माणसं उपाशी, ऊस उन्हात. ही गोष्ट चाचा इतक्यांदा सांगायचे की आम्हाला पाठ झाली होती. शेवटी ते डोळे मोठे करून विचारायचे, "आनि तो मानूस कोठे व्हता?" की आम्ही सगळे एका सुरात, "सासुरवाडीला!" "काय करी ऱ्हायंता?" "जिलबी खात!" मग चाचा समाधानाने मान हलवायचे, कोणीतरी नवीन सांगितल्यासारखी.

पुण्याचा नियम असा की टोकन बदलायचं ते रविवारी, कारण रविवारी वर्दळ नसते. चाचा बदलायचे भर बाजाराच्या दिवशी. यावरून दर काही दिवसांनी पुण्याहून फोन यायचा. चाचा इस्त्रीची मराठी काढायचे. "साहेब, रविवारी वर्दळ नसते हे आपलं म्हणणं अगदी योग्य आहे. पन मंग चूक झाली तं सांगाले भी कोनी नसतं ना!"

त्यांचं गणित असं. वरच्या पाड्यांवर फोनला रेंज नाही. पण बाजाराच्या दिवशी जीपा भरभरून खाली येतात, आणि तेल-मीठ घ्यायला का होईना, प्रत्येक पाड्याचं एकतरी माणूस तळोद्यात असतं. सेविका तर असतातच. चाचा टोकन बदलायचे, व्हरांड्यात बसलेल्या सेविकांपैकी एकीकडून तिच्या हाताने एक नोंद भरून घ्यायचे आणि दवाखान्याला फोन लावायचे, "जित्ता शे का? आते देखा, दिसनं का?" तिकडून "दिसलं" येईपर्यंत चहाची बशी हातात तशीच धरलेली. चहा निवून जायचा पण घोट घ्यायचे नाहीत. मी म्हणायचे, अहो, याद्या ठेवा, कागद ठेवा. ते म्हणायचे, "कागद कपाटमा पडी ऱ्हास. मानूस बाजारमा भेटस."

त्या व्हरांड्यातली सगळ्यात जुनी सेविका म्हणजे गुलीबाई. पावरा आदिवासी, घरी पावरी बोलणारी, आमच्याशी मराठी आणि अहिराणी एकत्र मळून बोलायची. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा तिचीच. तिथे दुसरं कोणी बसलेलं मी तरी पाहिलं नाही. तिची मुलगी सुनीता, म्हणजे सुनी, हिला सिकलसेल. मागे एकदा नंदुरबारला रक्त चढवताना सुनीला थंडी वाजून ताप भरला होता, जीव घाबरा झाला होता. तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या करून नोंद केली की हिला नुसता गट जुळून भागत नाही, एका ठरावीक प्रकारचं रक्त हिला अजिबात चालत नाही. ती नोंद गुलीबाईनेच टॅबवर चढवली होती. दिवाळीनंतर सुनी नवऱ्याबरोबर ऊसतोडीच्या टोळीतून गुजरातेत गेली, आणि जाताना पोटुशी होती. गुलीबाई दर बाजाराला आली की आधी आमच्या ऑफिसच्या पायरीवर बसून तिला फोन लावायची, मग बाजार.

त्याच हिवाळ्यात चाचांची निवृत्ती जवळ आली. येणारा जाणारा म्हणायचा, "चाचा, तुमच्याशिवाय कसं व्हईन?" मला वाटायचं, म्हातारा सुखावत असेल. कसलं! भडकायचे. "हाई कौतुक नही, शिवी शे!" आपण रुसलो, दुखावलो, की म्हणतो ना, कोणावाचून कोणाचं अडत नाही? चाचा म्हणायचे, ते असं आपोआप होत नसतं, ते कमवावं लागतं. आयुष्यभर नोकरी करून माणसाने मागे काय ठेवायचं, तर आपल्यावाचून अडणार नाही असं काम ठेवायचं.

झालं, कामाला लागले. टोकन माणसाच्या नावावर काढलं असेल तर त्या माणसाचं खातं बंद झाल्याबरोबर टोकनही मरतं. म्हणून त्यांनी आपल्या नावावरची सगळी टोकनं एकेक करून ऑफिसच्या नावावर केली. मग एका सकाळी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं, "बठ्ठं बदली टाकं. पन खात्री कशी करवानी? मी एकदाव मरीसन देखस."

पुण्याला फोन लावला. आपलं खातं आजच्या आज बंद करा म्हणून सांगितलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, कारण निवडावं लागतं. राजीनामा, बदली, निवृत्ती, मृत्यू. काय टाकू?"

"मृत्यू," चाचा म्हणाले. त्या पठ्ठ्याने तेच टाकलं!

मग चाचांनी व्हरांड्यात प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, तीत मागे रेलून बसले, तोंडावर टॉवेल घेतला आणि आतून शेवटचं बजावलं, "ऑफिस सुटस तावलोंग मी मयत. माले कोनी काही इचारानं नही." आमच्याकडे चहा करणाऱ्या मंगलमावशींनी हे ऐकलं आणि हातातलं भांडं टाकून मीठ-मोहऱ्या आणायला धावल्या. चाचांवरून ओवाळताना त्यांची बडबड चालू होती, "काय मेलं हे अभद्र! भरल्या घरचा माणूस!" टॉवेल हलला नाही.

पण खरी गंमत पुढेच होती. यंत्रणेत मृत्यू टाकलं की ती आपोआप शोकसंदेश पाठवते, हे कोणाला माहीत? आमच्या सगळ्या शाखांना, जोडलेल्या सगळ्या दवाखान्यांना संदेश गेला की आमचे ज्येष्ठ सहकारी आपल्यात राहिले नाहीत. फोन सुरू झाले. चाचा मेलेले, म्हणून ते उचलेनात. म्हणून मग सगळे मला. नंदुरबारच्या त्या सिस्टरबाई हुंदके देत म्हणाल्या, "परवाच तर माझा गुडघा विचारत होते हो!" मी त्यांना समजावते आहे की सिस्टर, ते इथेच खुर्चीत बसलेत, तर त्या आणखीच रडायला लागल्या. त्यांना वाटलं मला धक्का बसलाय.

या गोंधळात आम्ही आमचं काम करत होतो. एकेका दवाखान्याला फोन करून विचारलं, दिसतं का? सगळीकडून आलं, दिसतं. दुपारपर्यंत सगळं व्यवस्थित. मी बाहेर जाऊन खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "चाचा, उठा आता. पास झालो आम्ही." टॉवेल हलला नाही. "काय हट्टी माणूस आहे!" मी म्हटलं आणि डबा उघडायला आत वळले, तेवढ्यात बाजाराच्या गर्दीतून गुलीबाई येताना दिसली. गुलीबाई कधी पळत नाही. त्या दिवशी पळत होती. बाजाराची पिशवी हातात नव्हती, फोन होता, आणि तो चालू होता.

"ताई, सुनी दवाखान्यात शे. चक्कर येऊन पडली. रक्त चढवतो म्हणतात. सुनी सांगते, मले कोणतंबी रक्त देऊ नका, मागं तरास झाला. डॉक्टरबाई म्हणते, आमच्याकडं तसं काही दिसत नाही."

"दिसत नाही कसं? आपली नोंद आहे ना. हिरवी खूण..." आणि मी तिथेच थांबले.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चाचा उभे होते, टॉवेल पायाशी पडलेला. "कोनता दवाखाना?"

गुलीबाईने नाव सांगितलं. पलीकडचा, उसाच्या पट्ट्यातला. मी म्हटलं, "पण चाचा, तो दवाखाना आपल्याला जोडलेलाच नाही."

"जोडेल शे," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "दिवाळीले जोडा. टोळ्या जाई ऱ्हायंत्यात, घाई व्हती. मन्हाच नाववर टोकन काढं. पुढला बाजारले बदलसू म्हनं, आनि पुढला बाजारले माले ताप व्हता." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "इसरी गऊ."

मला संतापच आला. सगळ्या जगाला सासुरवाडीची जिलबी ऐकवणारा हा माणूस, आणि एक टोकन स्वतःच्या नावावर काढून विसरतो! गुलीबाईच्या देखतच बोलले मी, वाट्टेल ते बोलले. चाचा फक्त म्हणाले, "पहिले तोंडनं सांग. यंत्र मंग देखू. डॉक्टरले फोनवर बोलाव."

मी गुलीबाईच्या हातातला फोन घेतला. पलीकडे डॉक्टरबेन आल्या. मी आमच्या घरच्या गुजरीत बोलायला लागले. अस्सल गुजरातवाल्यांना आमची गुजरी ऐकून हसू येतं, पण त्या बाई हसल्या नाहीत. सुनीची नोंद आमच्या संगणकात होतीच. ती उघडून, कोणतं रक्त चालत नाही, कुठली तपासणी कधी झाली, सगळं वाचून दाखवलं. त्यांनी तिथल्या तिथे नर्सला ओरडून बाटली थांबवली. मग मला म्हणाल्या, हिला चालेल असं रक्त आमच्याकडे नाही, मोठ्या रक्तपेढीतून मागवावं लागेल, आणि पेढीवाले तोंडी सांगण्यावर देणार नाहीत. "मने स्क्रीन पर जोईए, बेन." त्यांना ते पडद्यावर दिसायला हवं होतं.

"उठवा माले," चाचा म्हणाले. "खातं चालू करा का टोकन चालू व्हई."

पुण्याला फोन लावला. तो मुलगा रडकुंडीला आला. "ताई, मृत्यू टाकलेलं मागे घेता येत नाही. तशी सोयच नाही यात."

"अरे, ते माझ्यासमोर उभे आहेत!"

"असतील ताई. पण यंत्रणेत नाहीत."

आता एकच वाट उरली. ऑफिसच्या नावावर नवं टोकन काढायचं. आमच्या बाजूचं काम मी करू शकत होते, पण त्यांच्या बाजूने त्यांच्या संगणकवाल्या भाईने होकार द्यायला हवा होता. डॉक्टरबेननी त्याचा नंबर दिला. फोन लावला. तो निवांत. म्हणाला, आज कामं फार आहेत बेन, उद्या करू. मी तोंड उघडणार, आणि काय उघडणार होते ते सांगत नाही, तेवढ्यात चाचांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"जित्ता शे का, भाई?"

पलीकडून एक बारीक आवाज आला, "काका? पण तमे तो... सवारे मेसेज आव्यो..."

"हां. मेला व्हतू," चाचा म्हणाले. "एक पोरनं काम ऱ्हाई गयं, म्हनीसन परत उनू. आते करस का मी तठे येऊ?"

मेलेल्या माणसाला उद्या करू म्हणायची कोणाची छाती आहे? त्या भाईने फोन ठेवलाच नाही, तसाच कानाला धरून होकार दिला. मी नवं टोकन चढवलं. मग डॉक्टरबेनना फोन, आणि वाट बघणं. गुलीबाई माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती, माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून, आणि तिला ते ठाऊकही नसावं. मंगलमावशी दारात. चाचा भिंतीला टेकून उभे, डोळे मिटलेले.

"देखाय छे, बेन," डॉक्टरबेन म्हणाल्या. "बधुं देखाय छे."

सगळं दिसतंय. मी टेबलावर डोकं ठेवून भडभडून रडले, लाज कसली! गुलीबाई रडली नाही. तिने ओढणी सोडली आणि विचारलं, "रक्त कवा येईल?"

दिवस मावळायच्या आत आलं. सुनीला ते मानवलं, थंडी नाही, ताप नाही. तिचा आवाज कानांनी ऐकून मगच गुलीबाई शेवटच्या जीपने वर गेली. पुढे सुनीची सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली.

त्या दुपारी गुलीबाई पिशवी शोधायला बाजारात गेली तेव्हा मी चाचांकडे गेले. जे बोलले होते ते मला परत घ्यायचं नव्हतं, खरंच होतं ते, पण जवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं. तर चाचा परत खुर्चीत जाऊन बसलेले, टॉवेल परत तोंडावर. "आता काय?" मी म्हटलं. आतून आवाज आला, "आजून ऑफिस सुटनं नही." आवाज घोगरा होता आणि खांदे हलत होते. मी मंगलमावशींना खूण केली आणि आम्ही दोघी आत गेलो.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी खुशीत. "चूक सापडनी ना! मी खरोखर मरी जातू आनि मंग पोर आडी पडती, तं कोन उठता?" मग म्हणाले, "आनि बाजारना दिन नसता तं?" बाजार नसता तर गुलीबाई वर पाड्यावर असती आणि सुनीचा फोन लागलाच नसता. रविवारचा नियम पुण्याने त्यानंतर आमच्यापुरता मागे घेतला.

कागदोपत्री चाचा पुढे बरेच दिवस मयतच राहिले. रोज सकाळी हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवायचे, यंत्र नाही म्हणायचं, आणि चाचा त्याच्याकडे वाकून म्हणायचे, "जित्ता शे, भो." निरोप समारंभाला नंदुरबारच्या सिस्टरबाई मुद्दाम आल्या आणि त्यांना बोट लावून बघून गेल्या. निवृत्तीनंतर चाचा बाजाराला येतात, पण ऑफिसात विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. पायरीखाली उभे राहून हाक मारतात. मी म्हणते, अहो, या की, तुमचंच आहे. ते म्हणतात, "मन्ही मुदत सरनी, बेटा. इचारीसनच येवानं."

आणि त्यांचा तो वेडेपणा आता आमची रीतच झाली आहे. पाळीपाळीने प्रत्येकाने एका बाजाराच्या दिवशी मरायचं. पुण्याने त्या कारणांच्या यादीत आमच्यासाठी "सराव" असं एक नवं कारण घातलं आहे, म्हणजे शोकसंदेश जात नाहीत. तरी मंगलमावशी मीठ-मोहऱ्या ओवाळल्याशिवाय राहत नाहीत.

परवा माझी पाळी होती. सकाळी खुर्चीत बसले, टॉवेल घेतला. नेमकी त्याच दिवशी दोन टोकनं बदलायची होती. नव्याने आलेल्या मुलीला मी सगळं शिकवलं होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. आत तिचा आवाज ऐकू येत होता, "जित्ता शे का? आते देखा, दिसनं का?" शहाद्याची ती, एरवी पुस्तकी मराठी बोलणारी, पण हे वाक्य अगदी चाचांसारखं. मी कान टवकारून बसले की आता कोणीतरी येईल, टॉवेल ओढेल, म्हणेल, ताई, अडलं हो. कोणी आलं नाही. खरं सांगते, आधी मला वाईटच वाटलं. इतकी वर्षं राबले आणि मेल्यावर कुत्रंही विचारत नाही! मग हळूहळू मनात काहीतरी सैल झालं आणि मला फार बरं वाटायला लागलं. तसं बरं मला कुठल्या शाबासकीनेही कधी वाटलं नव्हतं.

गुलीबाई आली. बरोबर नात होती, सुनीची मुलगी. आता दुडूदुडू चालते. पोरगी टॉवेलाकडे वळली असावी, कारण गुलीबाई म्हणाली, "हात नको लावू, ती मेलीय." आणि आत गेली. नोंद झाली, फोन झाला, दिसलं. बाहेर येताना माझ्या खुर्चीपाशी थांबून सांगून गेली, "काम झालं माझं."

मग बाजारातून ती मेथीची हुज्जत ऐकू आली. थोड्या वेळाने पायरीखाली ओळखीचं खोकणं, आणि हाक.

"जित्ती शे का?"

मी ओठ घट्ट दाबले.

"ए पोरी, जित्ती शे का?"

मी नाही बोलले. खूप बोलावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं की चाचा, सकाळपासून कोणाचं काही अडलं नाही, दोन्ही टोकनं बदलली, सुनीची पोरगी चालायला लागली. पण मेलेलं माणूस बोलत नसतं, हे त्यांनीच शिकवलेलं. ते बराच वेळ उभे राहिले. आतल्या मुलीचा आवाज त्यांनाही ऐकू येत असणार. मग निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते न विचारता त्या पायऱ्या चढून वर आले. माझ्या मांडीवर काहीतरी ओलं, गार ठेवलं आणि खाली उतरून गेले.

ऑफिस सुटल्यावर टॉवेल काढून पाहिलं, तर मेथीची जुडी. चांगली ताजी होती.